बनुबाईची भवानी

साहेब, तुम्ही खोटारडे आहात. मागं कुजबुजण्यात अर्थ नाही, म्हणून पहिल्याच ओळीत तोंडावर सांगून टाकलं. विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुठल्याही कार्यात तिला मागं सारायचं नाही, असा ठराव तुम्ही सरपंच म्हणून ग्रामसभेत केलात. हात वर करा म्हणालात, हात वर झाले. चावडीवर फ्लेक्स लावलात. त्यात ठराव मुंगीएवढा आणि तुमचं थोबाड गाडीच्या चाकाएवढं. तालुक्याला जाऊन हार घालून घेतलेत. आणि तो ठराव पाळायची पाळी तुमच्या स्वतःच्या गल्ल्यावर आली तेव्हा काय केलंत, ते सगळं येईलच पुढं. आधी बनुबाई.

कुंडलवरनं पुढं निघालं, ओढ्यावरचा पूल ओलांडला की जे गाव लागतं, त्याच्या मधल्या गल्लीत बनुबाई राहते. घरचा ऊस आहे. मुलगा राजवर्धन पुण्यात कंपनीत. नवरा नाथाजी मिलिटरीतनं हवालदार होऊन परतलेला. दर महिन्याला तो साताऱ्याच्या मिलिटरी कॅन्टीनमधनं ट्रंक भरून आणायचा. साबण, चहा, तेल, दाढीचा फेस, आणि तळाला टॉवेलात गुंडाळलेल्या बाटल्या. म्हणजे बघायला गेलं तर बनुबाईला दुकानाची पायरी चढायचं काही कारण नव्हतं. आणि ती रोज सकाळी चढायची.

"ट्रंकेत एवढा साबण पडलाय, तो काय म्युझियममधी ठेवायचाय?" नाथाजी विचारायचा.

"तुमच्या ट्रंकेला कोण इचारतंय, काकी कशा हायसा म्हणून?" असं म्हणून बनुबाई पिशवी झटकायची आणि निघायची.

आठवड्याचा बाजार एकदम भरून फ्रिजात कोंबायचा आणि मग विसरायचा, ही सुनांची पद्धत. बनुबाईला ती पटत नसे. रोजचं रोज, थोडं थोडं, आणि बघून. तुरीच्या डाळीचा दाणा दाताखाली धरायची आणि किराणावाल्या कृष्णातला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "किस्ना, ही डाळ शिजायला घरात साखर कारखान्याचा बॉयलर लागंल." नारळ कानाशी हलवायची. मिरचीपूड नाकाशी न्यायची, शिंक आली तर ठीक, नाही आली तर "ह्यात वीट किती आन मिरची किती, खरं सांग." गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय गूळ घ्यायची नाही, आणि कधी कधी खडा टाकूनही घ्यायची नाही.

एवढं ऐकून घेऊन दुकानदार तिची वाट बघायचे. कारण एकच, बनुबाईचा हात.

दुकानाची दिवसातली पहिली विक्री म्हणजे भवानी. ती कुणाच्या हातानं झाली, यावर पुढचा दिवस कसा जाणार हे ठरतं, असं आपल्याकडं अख्खा बाजार मानतो. कृष्णातच्या बापानं एकदा जाहीर करून टाकलं होतं की बनुबाईसारखा हात पंचक्रोशीत नाही. पुरावा काय? तर एका दिवाळीच्या तोंडाला तिनं सकाळी त्याच्याकडं हिंगाची डबी घेतली आणि दुपारपर्यंत रव्याचं पोतं संपलं. दिवाळीच्या तोंडाला रवा संपणार नाही तर काय युरिया संपणार? पण गल्लीनं ते धरून ठेवलं. बाप गेला, त्याची बायको गल्ल्यावर बसली, मग कृष्णात बसला, तरी बनुबाईचा हात चालूच. कृष्णातच्या दुकानात आता पैसे आले की बोलणारी ती डबी आली होती. पण भवानीला तो बनुबाईकडनं नोटच मागून घ्यायचा. नोट काट्याला लावायचा, कपाळाला लावायचा आणि मग त्या डबीलाही लावायचा. कारण हल्ली लक्ष्मी तिच्यातनंच बोलते.

"आमी बर्फात बंदुका धरून हुबं राह्यलो ते वाया गेलं," नाथाजी मित्रांना सांगायचा. "हिलाच नेऊन हुबी करायला पायजे हुती. एक काडीपेटी घेतली असती तर दुश्मन पळाला असता."

बनुबाई वरवर चिडायची. आतनं तिला ते आवडायचं. सासरी नांदायला आल्यापासून तिला गावानं नाथाजीची बायको म्हणून ओळखलं, राजवर्धनची आई म्हणून ओळखलं. हात मात्र तिचा एकटीचा होता.

दिवाळी होऊन गेली, उसाच्या तोडी सुरू झाल्या, आणि एका सकाळी दाढी करता करता नाथाजी मोरीजवळ खाली बसला, तो उठलाच नाही.

घर बायकांनी भरलं. भावकीतली एक म्हातारी सवयीनं बनुबाईच्या बांगड्यांकडं सरकली. तेवढ्यात साहेब, तुम्ही पुढं झालात. इथं खोटं लिहायचं नाही, झालात पुढं. "ठराव हाय गावाचा. हात लावायचा न्हाई कुणी," म्हणालात. बनुबाईच्या हातातल्या बांगड्या राहिल्या, कपाळावरचं कुंकू राहिलं. तेवढ्या रडारडीतही तिच्या मनात आलं, हा माणूस बरा आहे. तुमच्या माणसानं मोबाइल काढून फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी फोटो सगळीकडं फिरला. त्यात प्रेत कडेला गेलं होतं आणि तुम्ही मधोमध होता.

महिना घातल्यावर एका सकाळी बनुबाईनं अंघोळ केली, कुंकू लावलं, पिशवी घेतली. राजवर्धन आणि सून पुण्याला परत गेले होते. घरात बोलायला कुणी नव्हतं. दुकानात तरी कुणीतरी म्हणेल, काकी कशा हायसा.

कृष्णात म्हणालाही. "काकी, कशा हायसा? बसा जरा."

"बसायला घर हाय. पोहे दे."

"काटा हलतोय वो आज. जरा दम धरा."

बनुबाई थांबली. तेवढ्यात मोटारसायकलवरनं एकजण आला, सुपारी आणि शेंगदाणे मागितले. काटा चटकन ताळ्यावर आला. शेंगदाणे जोखले गेले, नोट कपाळाला लागली आणि कृष्णात हसून म्हणाला, "हां काकी, पोहे न्हवं का?"

बनुबाईला वाटलं, असेल.

दुसऱ्या दिवशी कृष्णातला उदबत्ती लावायची होती. त्याच्या दुकानात देव किती आहेत हे बनुबाईला त्या दिवशी कळलं. गणपतीला ओवाळून झालं, बिरोबाला झालं, साईबाबा झाले, कॅलेंडरावरचा बालाजी झाला. नवीन गिऱ्हाईक अजून दिसेना म्हणून तो वेफरच्या माळांपुढं गेला आणि शेवटी साबणाच्या जाहिरातीतल्या बाईलाही त्यानं उदबत्ती दाखवली.

"तिला नारळ बी फोड," बनुबाई म्हणाली.

तेवढ्यात शेजारची कोणीतरी दूधपिशवीला आली आणि कृष्णातची पूजा संपली.

तिसऱ्या दिवशी बनुबाई शटर उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसली. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. कृष्णातनं शटर वर केलं आणि समोर तिला बघून त्याचा हात तिथंच राहिला.

"आज काटा बरा हाय न्हवं?" ती म्हणाली. "देव जेवले? मग काडीपेटी दे."

कृष्णातनं रस्त्याच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. मग आत तोंड करून ओरडला, "रेश्मे! ए रेश्मे!"

त्याची बायको कणकेचे हात घेऊन बाहेर आली.

"तुला काडीपेटी पायजे हुती न्हवं?"

"मला? ग्यासला लायटर हाय की."

"पायजे हुती!" असं म्हणून त्यानं गल्ल्यातली नोट काढून तिच्या कणकेच्या हातात कोंबली, तिच्या पुढ्यात काडीपेटी आपटली, नोट परत घेतली, काट्याला लावली, कपाळाला लावली. कपाळाला थोडी कणीक लागली. स्वतःच्या बायकोनं, स्वतःच्या दुकानात, स्वतःच्याच गल्ल्यातल्या नोटेनं भवानी केली! लक्ष्मी गल्ल्यातनं निघाली, रेश्माच्या हातावर टेकली आणि परत गल्ल्यात गेली. दमली असेल बिचारी.

"हां काकी," कृष्णात म्हणाला, "काडीपेटी न्हवं का?"

बनुबाईचा हात आपोआप कपाळाकडं गेला. कुंकू जागेवर होतं. ते पुसलं असतं तर निदान तिला घरातच कळलं असतं. आता ते कपाळावर असूनही काही उपयोगाचं नाही, हे तिला पायरीवर बसून कळलं.

"किस्ना," ती उठून म्हणाली, "तुझा बा मेल्यावर ह्या गल्ल्यावर तुझी आई बसली. तिच्या हाताचा पैसा चालला का रं तुला?"

"काकी, ती घरची."

"आन मी कुठली? पाकिस्तानची?"

"मला कायबी वाटत न्हाई वो, आईशप्पत. पर गिऱ्हाईक बोलतंय."

"कुठलं गिऱ्हाईक? नाव सांग. आत्ता जाऊन त्याच्या दारात बसतो."

कृष्णातला नाव सुचेना. लोक बोलतात, पण त्या लोकांतल्या एकाचंही नाव कधी कुणाला आठवत नाही. रेश्मा मान खाली घालून हातावरची कणीक काढत बसली. बनुबाई काडीपेटी न घेता निघाली.

चौकात छत्रीखाली हरणाबाई भाजी मांडत होती. हरणाबाईचा नवरा फार वर्षांपूर्वी गेला. तेव्हा ठराव नव्हता, फ्लेक्स नव्हता, तिच्या बांगड्या दगडावर फुटल्या. तेव्हापासून ती इथं भाजी विकते. बनुबाई तिच्या बाजूला पोत्यावर टेकली. रागानं तिला धाप लागली होती.

"कळलं व्हय तुला?" हरणाबाई वांगी पुसत म्हणाली.

"काय कळलं?"

"माझं तोंड उघडू नगं सकाळसकाळी. मी रोज चहापत्तीला त्या दुकानाच्या कडंला उभी असायचो, ती काय मिरवणुकीची वाट बघत? तुझा हात व्हायचा, मग मला चहापत्ती मिळायची."

बनुबाईला आठवलं. हरणाबाई खांबाला टेकून उभी असायचीच. बनुबाईला वाटायचं, म्हातारीला बसल्या जागी झोप लागते तशी उभ्या जागीही लागत असेल.

"कवा बोलली न्हाईस, हरणाक्का."

"कुणाला बोलू? तू पिशवी हालवत याचीस पाटलीणीवानी. म्हणायचीस, अजून चहा न्हाई व्हय झाला तुझा? लय वाटायचं, पिशवी काढून घ्यावी आन तुझ्याच डोक्यात घालावी."

"घालायची हुतीस."

"आता घालू? आता तू माझ्याच लायनीत आलीस."

मग बनुबाईनं समोरची मेथीची जुडी उचलली. "ही दे. तू तरी दे."

हरणाबाईनं तिच्या हातातनं जुडी काढून परत ठेवली. "थांब जरा. एक गिऱ्हाईक हुंदे."

"हरणे! तू बी?"

"मग काय करू? माझी भाजी दुपारपतोर सुकती. तुझ्या हातानं दिस वाया गेला तर मी काय खाऊ, तुझा ठराव?"

बनुबाईला हसूच फुटलं. डोळ्यांतनं पाणी आलं तरी थांबेना. ज्या बाईला आयुष्यभर खांबाला टेकवून ठेवलं, तीच बाई आता दुसरीला पोत्यावर टेकवून ठेवत होती. हरणाबाईला आधी राग आला, मग तीही हसायला लागली. रस्त्यानं जाणारा एकजण थांबून बघायला लागला.

"काय बगतोस रं?" हरणाबाई त्याच्यावर खेकसली. "मेथी घे. तू घेतलीस की ही घेणार हाय."

त्यानं घाबरून मेथी घेतली.

त्याच आठवड्यात साहेब, तुमचं नवीन मार्ट निघायचं होतं. एसटी स्टँडसमोर, काचेच्या दारांचं, बास्केट हातात घेऊन फिरायचं. गावभर फ्लेक्स लागले. "महिलांना मानाचं स्थान", असं त्यावर लिहिलेलं. बनुबाईला तुमच्या माणसानं घरी येऊन आमंत्रण दिलं. "काकी, तुमचा सत्कार हाय. पयल्या लायनीत बसायचं."

बनुबाई आमंत्रण घेऊन हरणाबाईकडं गेली. "ठरलं. पयली खरेदी तिथं मी करणार."

"कोण करू देतंय?"

"ज्यानं ठराव केला त्यो न्हाई म्हणंल व्हय? एकदा त्याच्या गल्ल्यावर माझा हात लागला की किस्न्याच्या बाला बी घ्यावं लागंल."

"किस्न्याचा बा मेलाय."

"मग किस्न्याला घ्यावं लागंल."

हरणाबाईला विश्वास वाटत नव्हता, पण तिनं त्या दिवशी भाजी लवकर आवरली. हे बघायला मिळणार असेल तर थोडी वांगी सुकली तरी चालतील, असं तिचं मत.

उद्घाटनाला अख्खं गाव लोटलं. बनुबाईला सोफ्यावर बसवलं. शाल घातली, नारळ दिला, "आदर्श महिला" म्हणून फोटो काढला. तुम्ही भाषण केलंत. आपल्या गावात विधवा हा शब्दच उरला नाही, म्हणालात. टाळ्या पडल्या. फीत कापली. लोक आत घुसले, बास्केटा भरल्या. आणि मग सगळे बिलाच्या काउंटरपाशी येऊन थांबले.

बिल होईना.

काउंटरवर समीक्षा नावाची मुलगी बसलेली, हातात ते लाल उजेड पाडणारं यंत्र. ती म्हणाली, "थांबा हं. पहिली खरेदी शिवांजली वहिनींच्या हातानं आहे."

शिवांजली म्हणजे तुमची सून. ती इस्लामपूरला पार्लरमध्ये गेलेली, आणि परत येताना उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकलेली. लोक बास्केटा घेऊन उभे. बायकांचे हात भरून आले, खाली ठेवल्या, परत उचलल्या. कुणीतरी बास्केटमधलं बिस्कीट फोडून खायला सुरुवात केली. तुम्ही सारखा फोन लावत होता आणि सून म्हणत होती, पुढचा ट्रॅक्टर हलत नाही, मामंजी, आणि घामानं मेकअप चाललाय.

बनुबाई सोफ्यावरनं उठली. शाल सोफ्यावरच ठेवली. मांडणीवरनं मिठाची पिशवी घेतली, रांगेच्या कडेनं पुढं गेली आणि काउंटरवर पिशवी ठेवून नोट पुढं केली.

"घे बाळ. पयली भवानी माझी."

समीक्षानं यंत्र उचललं, आणि तुमच्याकडं बघितलं. "साहेब, घेऊ?"

तुम्ही हसत हसत आलात. चारचौघांत हसायची सवय आहे तुम्हाला. "आवं काकी, तुमचा मान झालाय न्हवं आत्ता? बसा की निवांत. मशीन अजून सुरू व्हायचंय."

मशीनवर स्वागत आहे, स्वागत आहे, अशी अक्षरं पळत होती. रांगेतल्या सगळ्यांना ती दिसत होती.

"मशीन तर बोलवतंय मला," बनुबाई म्हणाली.

कुणीतरी मागं फिसकन हसलं. तुम्ही तिच्या जवळ सरकलात आणि आवाज खाली केलात. पण काचेच्या दुकानात आवाज कुठं लपतोय? "काकी, असं करू नगा. मिठाचं पोतं घरी पोच करतो. फुकट. कायमचं मीठ माझ्याकडनं."

"फुकट नगं. मला इकत पायजे."

"सूनबाई आली की दुसरा नंबर तुमचा. शब्द देतो."

"तुमचा शब्द फ्लेक्सवर वाचलाय मी. मला पयला नंबर पायजे. माझा हात वाईट झाला आसंल तर तसं हितं सगळ्यांम्होरं सांगा, मी घरला जातो. चांगला आसंल तर नोट घ्या. मधलं कायबी नगं."

बिस्कीट खाणाराही चावायचा थांबला. कृष्णातही आला होता. फुकटचा पेढा मिळतो तिथं तो असतोच. पेढा तोंडात तसाच ठेवून तो तुमच्याकडं बघत होता, कारण तुम्ही जे कराल ते उद्या त्याला करावं लागणार होतं. सगळ्यात मागं हरणाबाई, हातात चहापत्तीचा पुडा.

"घ्या की वो साहेब!" ती तिथनं ओरडली. "लय वर्सं थांबलोय आमी!"

तर साहेब, आता तुम्ही बोला. दारात सुनेची गाडी आलेली नाही. तुमचा फोन वाजतोय, तो उचलू नका. समीक्षाच्या हातातलं यंत्र पेटलंय. मीठ काउंटरवर आहे. बाईनं नोट धरलेला हात तसाच लांब केलाय, आणि ती काही तुमच्या सोफ्यावर परत जाणारी नाही. ठराव करताना तुम्ही सगळ्यांना हात वर करायला लावलेत. आता तुमचा एक हात पुढं करायचाय, एवढंच. करताय का? नोट घेताय का? व्हय का न्हाई?